बक्स्टनला निघण्याआधी

सगळ्यात आधी पिशवीत रिकाम्या बाटल्या टाका. माणशी एक, आणि वर एक मोठी, घट्ट झाकणाची. कपडे, चार्जर, औषधं कुणी सांगायला लागत नाही. राहते ती बाटली. गेल्या खेपेला आमचीही राहिली, आणि ज्या झऱ्याच्या पाण्यापायी बक्स्टन हे इंग्लंडच्या डर्बीशरमधलं गाव वसलं, त्याचे ओंजळीने चार घोट पिऊन परतावं लागलं. मँचेस्टरकडे राहणाऱ्यांना, विशेषतः भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन जायला बक्स्टन सोयीचं आहे. पण तयारी न करता गेलात तर एक सुंदर इमारत बघून, चहा पिऊन परत याल आणि गाव तसंच राहील.

बाटली कशासाठी, तर सेंट ॲन्स वेलसाठी. क्रेसेंट नावाची मोठी कमानदार इमारत आहे, तिच्यासमोर, स्लोप्स या उताराच्या बागेच्या पायथ्याशी हा झरा आहे. सिंहाच्या तोंडातून पाण्याची धार अखंड चालू असते. तोटी नाही, तिकीट नाही, पहारा नाही. सुपरमार्केटात बक्स्टन नावाचं पाणी विकत मिळतं, त्याच गावचं हे पाणी, आणि इथे फुकट. गावातली माणसं मोठाले कॅन घेऊन येतात, शांतपणे एकेक भरतात. तुम्ही रांगेत उभे राहिलात की कुणीतरी हवेबद्दल बोलायला लागतं, आणि तिथून गावाबद्दल. हातात बाटली नसेल तर रांगेत कशाला उभं राहणार? फोटो काढून पुढे जाल. म्हणून बाटली. पाणी साधारण 28 अंश, म्हणजे कोमट असतं. आई-बाबांना वज्रेश्वरीच्या कुंडांसारखं वाफाळतं पाणी डोळ्यासमोर असेल, तर आधीच सांगून ठेवा. कोमट पाणी पहिल्या घोटाला आवडत नाही. बाटलीत भरून तासभर गार होऊ द्या, मग चव कळते.

थोडा इतिहास घरूनच वाचून निघा, नाहीतर तिथे सगळं नुसतं दगडी दिसतं. हे पाणी म्हणजे हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस. चुनखडीच्या खडकातून खोल मुरला, तिथे तापला आणि वर आला. रोमन लोकांनी इथे स्नानाचं ठाणं केलं होतं. पुढे लोक सेंट ॲनला नवस बोलायला लागले आणि बरे झाले की कुबड्या तिथेच सोडून जायला लागले. 1538 मध्ये, आठव्या हेन्रीच्या राजवटीत, सरकारी माणसांनी त्या कुबड्या आणि वाहिलेले कपडे उचलून नेले आणि स्नानाच्या जागांना कुलूप घालून मोहर लावली. लोक यायचे थांबले नाहीत. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडमध्ये कैदेत असतानाही उपचारासाठी इथे येत असे. ती उतरायची ती जागा आजच्या ओल्ड हॉल हॉटेलची. क्रेसेंट त्यानंतरची, 1780 ते 1789 या काळात पाचव्या ड्यूक ऑफ डेव्हनशरने बांधून घेतली. बाथ शहराच्या तोडीचं काही आपल्याकडे हवं, ही त्याची हौस. वास्तुकार जॉन कार. मधे बरीच वर्षं ती बंद पडून होती, 2020 मध्ये पुन्हा हॉटेल म्हणून उघडली. आत राहणं परवडलं नाही तरी बाहेरून कमानींखालून चालत जा.

कपड्यांच्या बाबतीत कुणाचंही ऐकू नका, जाकीट घ्या. गाव समुद्रसपाटीपासून 300 मीटरवर आहे. मँचेस्टरला ऊन असलं म्हणून इथे असेलच असं नाही. क्रिकेटवाल्यांना ही गोष्ट सांगितली की लगेच पटते: 1975 साली इथे डर्बीशर विरुद्ध लँकेशायर सामना होता. शनिवारी क्लाइव्ह लॉइडने नाबाद 167 ठोकल्या, आणि सोमवारी, 2 जूनला, मैदानावर बर्फ पडल्यामुळे खेळच झाला नाही. पंच डिकी बर्ड होते. दुसऱ्या दिवशी ओल्या खेळपट्टीवर डर्बीशरचा डाव 42 वर आटोपला. जूनमध्ये बर्फ! तेव्हा छत्रीवर विसंबू नका, वाऱ्यात ती उलटी होते. टोपीचा रेनकोट बरा.

बूट चांगल्या तळव्याचे हवेत. झरा, क्रेसेंट, बागा हे सगळं खालच्या गावात, आणि बाजारचौक वरच्या गावात. मधे स्लोप्सचा चढ आहे. आईचे गुडघे दुखत असतील तर वर जाताना गाडीने न्या आणि उतरताना हळूहळू चाला. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर चौकात बाजार भरतो. डर्बीशरचे ओटकेक कुठे मिळाले तर घ्या, ओटच्या पिठाचे, जाडसर घावनासारखे, चीज घालून गरम खायचे. साध्या शनिवारी वरच्या गावात जी माणसं दिसतात ती पर्यटक नसतात. आसपास चुनखडीच्या मोठ्या खाणी आहेत, त्यांचे ट्रक रस्त्यावर दिसतील. खाणींमुळेच पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानाची हद्द आखताना बक्स्टन बाहेर ठेवलं गेलं. तीन बाजूंनी पीक डिस्ट्रिक्ट आणि मधे हे गाव, उद्यानाच्या बाहेर. हे माहीत असलं की गावाकडे बघायची नजर बदलते. ही सहलीची बाजारपेठ नाही, इथे लोक कामाला जातात.

जुलैमध्ये जायचं असेल तर खोली खूप आधी ठरवा. ऑपेरा हाऊस (1903, वास्तुकार फ्रँक मॅचम) आणि त्याभोवतीचा संगीत-साहित्य महोत्सव, शिवाय फ्रिंज नावाचा खुला कलामहोत्सव, यामुळे तेव्हा जागा मिळत नाही. पण जुलैच निवडा असं मी म्हणेन, कारण तेव्हा वेल ड्रेसिंग, म्हणजे झऱ्यांची फुला-पानांच्या चित्रांनी सजावट असते. 1840 मध्ये सहाव्या ड्यूकने वरच्या बाजारचौकात पाणी आणून दिलं, त्याचे आभार म्हणून इथे हे सुरू झालं. मोठ्या लाकडी फळ्या भिजवतात, त्यांवर ओली माती थापतात, चित्राचा कागद ठेवून टाचण्यांनी रेषा टोचतात, आणि मग पाकळ्या, पानं, बिया, शेवाळ एकेक करून दाबत जातात. काम खालून वर चालतं, वरची पाकळी खालचीवर जराशी चढवून, म्हणजे पाऊस आला तरी पाणी निथळून जातं. जवळ जाऊन बघा, पण हात लावू नका. आठवड्याभरात माती सुकते, पाकळ्या काळवंडतात. सेंट ॲन्स वेलही तेव्हा सजवलेला असतो, आणि पाणी भरणं चालूच असतं. बाटली आहे ना?

पोहण्याचे कपडे: क्रेसेंटच्या स्पामध्ये जायचं असेल तर आधी नोंदणी करा, महाग आहे. पॅव्हिलियन गार्डन्सजवळच्या तरण तलावात साध्या तिकिटात पोहता येतं. दोन्हीकडे टीशर्ट, लेगिंग चालेल असं गृहीत धरू नका, नीट पोहण्याचा पोशाख आणि टॉवेल घ्या.

पूल्स कॅव्हर्न ही गुहा बघणार असाल तर तेच जाकीट कामाला येईल, आत बारा महिने सुमारे 7 अंश असतात. वरच्या जंगलातून सॉलोमन्स टेंपल या दगडी बुरुजापर्यंत चढता येतं, दम लागतो. डेव्हनशर डोम चुकवू नका. आधी घोड्यांचा तबेला, मग रुग्णालय, आता कॉलेज. घुमट 44 मीटर रुंद, लंडनच्या सेंट पॉल्सपेक्षाही मोठा. आत जायची वेळ आधी बघून घ्या. कॅव्हेंडिश आर्केड ही जुन्या स्नानगृहातली दुकानं, भिंतीवरच्या फरशांसाठी पाच मिनिटं द्या.

खाणं: जवळ थोडं ठेवा. रोख: थोडी. पाणी विमानाने भारतात न्यायचं असेल तर बाटली चेक-इन बॅगेत, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून. म्हणजे बाटली हवी. घरातून निघताना दारात पुन्हा एकदा विचारा.

रेल्वे: मँचेस्टर पिकॅडिलीहून साधारण तास लागतो. लंडनहून येणाऱ्यांनी स्टॉकपोर्टला गाडी बदला, मँचेस्टरपर्यंत जाऊन उलटे येऊ नका. डर्बीकडून थेट गाडी नाही, तो मार्ग 1968 मध्ये बंद झाला, तिकडून बस आहे. परतीची शेवटची गाडी सकाळीच बघून ठेवा, रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं.