गुलमोहर, बहावा बियांपासून लावताना

या बियांचं कवच इतकं टणक असतं की नुसत्या मातीत टाकल्या तर महिनोन्‌महिने तशाच पडून राहतात. म्हणून आधी सँडपेपरवर एका बाजूने घासायच्या, आतला फिकट भाग जेमतेम दिसेपर्यंतच, आणि टोकाकडे अजिबात नाही कारण अंकुर तिथेच असतो. मग २४ तास पाण्यात. फुगल्या त्या लावा, नाही फुगल्या त्या परत घासा. १-२ सेंमी खोल पुरेसं आहे.

कुंडी मात्र उंच घ्या, सोटमूळ सरळ खाली जातं, पसरट कुंडीत ते गोल गोल फिरतं. रोज पाणी ओतत बसू नका, रोपं बुडाशी कुजतात.