चिंकाराचे फोटो बिघडतात? या चुका टाळा

बारामती तालुक्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातून परत आलेल्या बहुतेकांच्या कॅमेऱ्याच्या कार्डावर एकच फोटो वीस-वीस वेळा असतो: पळत्या चिंकाराची पाठ आणि काळी शेपटी. अभयारण्य अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं. झाडी विरळ, बाकी माळ. तिथे आपण हरणाला शोधत असतो तेव्हा त्याने आपल्याला कधीच हेरलेलं असतं. मोठी लेन्स घेऊन हे सुटत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गाडीचं दार उघडणं. गाडी त्यांच्या सवयीची असते, दोन पायांवर उभा राहिलेला माणूस नसतो. मीही एकदा ‘पाय मोकळे करतो’ म्हणून उतरलो. दाराचा ‘खट्’ झाला, समोरच्या तीन चिंकारांपैकी नराने पुढचा पाय आपटला, शिंकल्यासारखा आवाज काढला आणि तिघंही उधळली. पण शे-दोनशे पावलांवर थांबून त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. चिंकारा बऱ्याचदा असं करतो. तो क्षण टिपायचा तर कॅमेरा डोळ्याला हवा. माझा सीटवर पडला होता.

गाडी सरळ चिंकाराच्या दिशेने नेऊ नका. बाजूने जातोय असं दाखवत तिरकी न्या. मान खाली घालून चरत असेल तर थोडं सरका, कान ताठ झाले की जिथे आहात तिथे थांबा. जवळ गेलात की इंजिन बंदच करा. सुरू इंजिनची थरथर ४०० मिमी लेन्सवर लगेच दिसते. खिडकीच्या कडेवर टेकवायला जुन्या जीन्सच्या पायात ज्वारी भरून शिवलेली पिशवी पुरते. विकतच्या बीनबॅगचे पैसे पेट्रोलला ठेवा.

आता उजेडाचं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो. त्याआधी लोक आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवायला घाबरतात, शटरचा वेग १/६० सेकंदावर ठेवतात आणि मग लेन्सला शिव्या देतात. आयएसओ १६०० काय, ३२०० सुद्धा चालेल, पण शटर १/८०० च्या खाली नको. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. फोकस गवताच्या पात्यांवर अडकत असेल तर एकच फोकस पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवा.

सूर्य हरणाच्या मागे असेल तर घाईघाईने गाडी फिरवू नका. कानांतून उजेड आरपार येतो, शिंगांना सोनेरी कड येते. तसा फोटो सूर्य पाठीशी घेऊन मिळत नाही. फक्त कड जळून पांढरी होऊ नये म्हणून एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं कमी करा.

साडेआठ-नऊनंतर फोटो अचानक मऊ, म्हणजे धूसर, येऊ लागले तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी एक करून पाहा. दहा-बारा पावलांवरचा एखादा दगड त्याच सेटिंगवर टिपा. तो लख्ख आला आणि लांबचं हरीण पाण्याखाली असल्यासारखं आलं, तर दोष तापलेल्या जमिनीवरच्या हवेचा. त्याला सॉफ्टवेअरमध्ये इलाज नाही. जवळ असेल तेवढंच टिपा, नाहीतर चहाला निघा. थंडीत हीटर लावून आलात तर पहाटेही असंच होतं, कारण गाडीतली गरम हवा खिडकीतून थेट लेन्ससमोर येते. सगळ्या काचा आधी पाच-दहा मिनिटं उघड्या ठेवा. पावसाळ्याच्या अखेरीस उलटं: एसीत गार झालेल्या लेन्सवर बाहेर येताच बाष्प धरतं. पुसत बसू नका, बॅगेतच हळूहळू बाहेरच्या हवेला येऊ द्या.

गवतात एकटं पाडस दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं. आई आसपास असते आणि गाडी हलेपर्यंत त्याच्याकडे येत नाही. तिथे थांबूच नका.