ॲपमधल्या वेब पानावर मराठी शब्द शोधून निवडायचा कसा?

समजा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एखाद्या सोसायटीसाठी तुम्ही विंडोजवर ॲप करताय. मराठी-कन्नड परिपत्रकं ॲपमध्येच, वेबव्ह्यू-२ मध्ये (ॲपच्या आत वेब पान दाखवणारा मायक्रोसॉफ्टचा घटक) उघडतात. कारकुनाने शोधचौकटीत ‘शेतकऱ्यांना’ टाइप केलं की तो शब्द पानावर निवडलेला दिसायला हवा.

आधी पान पूर्ण उघडू द्या. ‘नॅव्हिगेशन-कम्प्लीटेड’ हा इव्हेंट, म्हणजे पान उघडून झाल्याची सूचना, येण्याआधी शोध सुरू केला, तर मजकूर जागेवर नसण्याची आणि हाती काही न लागण्याची शक्यता असते. मग ‘एक्झिक्यूट-स्क्रिप्ट-असिंक’ने पानात जावास्क्रिप्ट चालवा. शब्द मात्र जेसॉन (माहिती सुरक्षितपणे पाठवायचं ठरावीक लेखनरूप) करूनच पाठवा, नाहीतर एखादं अवतरणचिन्ह आलं की स्क्रिप्ट मोडते.

स्क्रिप्टमध्ये पानाचे सगळे भाग क्रमाने चाळणाऱ्या ‘ट्री-वॉकर’ने फक्त मजकुराचे नोड, म्हणजे मजकुराचे सुटे तुकडे, गोळा करा. ज्यात शब्द सापडेल, तिथे एक ‘रेंज’ (निवडायचा पट्टा) तयार करून तिची सुरुवात आणि शेवट ठरवा. जुनी निवड काढून टाका, ही रेंज निवडीत घाला आणि त्या नोडच्या वरच्या एलिमेंटवर ‘स्क्रोल-इन्टू-व्ह्यू’ चालवा. ‘विंडो-फाइंड’ हा तयार मार्गही क्रोमियममध्ये (वेबव्ह्यू-२ मागचं ब्राउझर इंजिन) चालतो, पण तो प्रमाणित नाही. मी त्यावर विसंबणार नाही.

खरी गोम पुढे आहे. ‘शेतकऱ्यांना’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी ऱ वापरतो, कुणी साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारं ‘झेडडब्ल्यूजे’ हे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण पहिल्यात ११ एकक (संगणक मोजतो ती अक्षरचिन्हं), दुसऱ्यात १२. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या नोंदी एकसारख्या करायची रीत, हा फरक मिटवत नाही. म्हणून दोन्ही रूपं चालतील असं रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायचा नमुना) लिहा आणि रेंजचा शेवट सापडलेल्या जुळणीच्या लांबीवरून काढा. टाइप केलेल्या शब्दाची लांबी धरलीत आणि तो ११ एककांचा, पण पानावरचा १२ चा असला, तर शेवटचा काना निवडीबाहेर राहतो. मराठी वाचणाऱ्यासाठी काही करायचं, तर एवढी काळजी घ्यायलाच हवी.

शब्दाचा काही भाग ठळक केलेला असेल, तर तो दोन नोडमध्ये तुटतो. तेव्हा शेजारच्या नोडचा मजकूर जोडून शोधा आणि कुठलं अक्षर कोणत्या नोडमधलं, याची नोंद ठेवा.

जुन्या ‘वेबब्राउझर’ कंट्रोलवर, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररच्या इंजिनवर काम असेल, तर ‘क्रिएट-टेक्स्ट-रेंज’, ‘फाइंड-टेक्स्ट’ आणि ‘सिलेक्ट’ एवढ्यावर भागतं.

पान युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवलेलं असेल, तर मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. तिथे आत रोमन अक्षरं असतात, वरून फॉन्ट त्यांना देवनागरी किंवा कन्नड दाखवतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच शोध जोडा.