घरच्या घरी ॲक्रिलिक फ्रेंच नखं (गुलाबी नखाला पांढरं टोक): पांढरी रेघ फिसकटत होती, ती अशी सुधारली

चूक मण्यात होती, म्हणजे लिक्विडमध्ये बुडवलेल्या ब्रशने पावडर उचलली की टोकावर जो गोळा बनतो त्यात. ब्रशवर लिक्विड जास्त राहिलं की पांढरी पावडर पसरते आणि कमान, म्हणजे पांढऱ्या टोकाची आतली गोलाई, पुसट होते. आता ब्रश बाटलीच्या काठावर दोन्ही बाजूंनी निथळून घेते. मणी ओलसर चमकला पाहिजे, पण ओघळता कामा नये.

आधी १८० ग्रिटच्या (खरखरीतपणाचा आकडा) फाइलने नखाची चमक घालवायची, डिहायड्रेटर (नखावरचा ओलावा आणि तेल काढणारं द्रव), मग ॲक्रिलिक नखाला धरून ठेवणाऱ्या प्रायमरचा अगदी पातळ हात. पांढरं टोक आधी. ते ओलं असतानाच स्वच्छ ब्रशच्या टोकाने कमान कोरायची. ते घट्ट झाल्यावर गुलाबी. त्वचेपासून १ मिमी जागा सोडाच, नाहीतर तिथूनच उचकटतं. उजव्या हाताची नखं डाव्याने करायची, म्हणून ती आधी, ताज्या दमात. खिडकी उघडी हवीच, वास डोक्यात जातो. एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट हे रसायन) असलेलं लिक्विड मात्र स्वस्त मिळालं तरी नको, ईएमएचंच (एथिल मेथाक्रिलेट) घ्या.