फ्रेझल व्हर्ब्ज: या चुका टाळा, निदान नणंदेच्या बाबतीत तरी

फ्रेझल व्हर्ब्ज म्हणजे क्रियापदाला 'अप', 'आउट', 'विथ' असे छोटे शब्द जोडून झालेले इंग्रजी वाक्प्रचार, ज्यांचा अर्थ बहुधा वेगळाच निघतो. इतकी वर्षं इंग्रजी शिकवतोय, वह्या बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात आधी 'पुट अप विथ'. माझ्या एका विद्यार्थिनीला परगावी नोकरी लागली, राहायची सोय नणंदेकडे झाली. परदेशी साहेबांनी मेलवर विचारलं, राहण्याचं काय केलंत? बाईंनी ऐटीत लिहिलं, 'आय ॲम पुटिंग अप विथ माय सिस्टर-इन-लॉ.' म्हणजे, 'नणंदेला कसंबसं सहन करतेय.' साहेबांचं हळवं उत्तर आलं: दुसरी खोली शोधायला मदत करू का? ती मेल घेऊन माझ्याकडे आली. मी अर्थ सांगितला, तर हळूच म्हणाली, "सर, वाक्य चुकलं, पण खोटं नाही हो."

गोम अशी, की नुसत्या 'पुट अप'चा एक अर्थ मुक्काम करणं असाही आहे. आपण त्याला 'च्याकडे'साठी 'विथ' चिकटवतो आणि तिसरा शब्द येताच अर्थच पालटतो. मी सरळ 'स्टे विथ' म्हणतो. भानगडच नको.

'पास आउट'ही तसंच. 'माय सन पास्ड आउट लास्ट मंथ' म्हणून पेढे द्यायला जाल, तर बाहेरचा माणूस विचारेल, आता बरा आहे ना? कारण त्याच्या लेखी मुलगा बेशुद्ध पडला होता. लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांना 'पास आउट' चालतं, त्यांची परेडच त्या नावाची असते. कॉलेजसाठी 'ग्रॅज्युएट' म्हणा. आणि घाईत 'आउट'चं 'अवे' करू नका. 'पास अवे' म्हणजे माणूस गेलाच.

'कोप अप विथ' असं काही नसतं. 'कोप विथ', म्हणजे निभावून नेणं. हे मी शेवटचं सांगतोय, असं दरवर्षी म्हणतो.

माणूस भावला तर 'फॉल फॉर', बिनसलं तर 'फॉल आउट विथ'. यात गफलत झाली तर निस्तरणं माझ्या हातात नाही.

सर्वनामाची जागा मात्र नीट बघा. 'पिक मी अप' बरोबर, 'पिक अप मी' चूक. उलट 'लुक आफ्टर मी' बरोबर, 'लुक मी आफ्टर' चूक. कुठलं क्रियापद फुटतं आणि कुठलं नाही, याचा सोपा नियम मागणारे खूप भेटतात. मी इंग्रजी 'मी' (me) किंवा 'हिम' घालून वाक्य मोठ्यांदा म्हणतो आणि तेच वहीत उतरवतो, नुसतं क्रियापद कधीच नाही.

'30 दिवसांत 500 फ्रेझल व्हर्ब्ज' छापाच्या याद्या पाठ करणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्यांत 'लुक आफ्टर', 'लुक फॉर', 'लुक डाउन ऑन' एकाखाली एक असतात. मग मुलगा अर्जात लिहितो, 'आय लुक डाउन ऑन माय पेरेंट्स.' म्हणजे, 'आईवडिलांना तुच्छ लेखतो.' त्याला म्हणायचं होतं, आईवडिलांची काळजी घेतो.