घातांक नेमका कोणाचा? राशींना सरळ रूप देण्याची रीत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत गणित दोन भाषांत चालते. हिंदी माध्यमाच्या शाळेतून ‘आधार’, ‘गुणांक’, ‘हर’ आणि ‘कोष्ठक’ घेऊन आलेली नात आणि ‘पाया’, ‘सहगुणक’, ‘छेद’ आणि ‘कंस’ यांवर वाढलेले आजोबा एकाच वहीवर वाकतात, तेव्हा कोणत्या शब्दाला काय म्हणायचे हे ठरवण्यातच पहिली पाच मिनिटे जातात. घातांक हा शब्द तेवढा दोन्हीकडे तोच आहे. माझ्या नातीला सगळे नियम तोंडपाठ होते, तरी उत्तरे चुकत होती, कारण घातांकाचा अंमल कुठवर चालतो हे पाहण्याआधीच ती नियम लावून मोकळी होत असे. म्हणून नियमांआधी तेच पाहू. या लेखात अ^५ असे लिहिले आहे तेथे वहीत ५ हा अंक अ च्या उजव्या खांद्यावर लहान काढावा.

घातांक ज्याला चिकटून लिहिलेला असतो तो त्याचा पाया, आणि त्याच्यापुरताच घातांकाचा अंमल असतो. ५अ^२ मध्ये वर्ग केवळ अ चा आहे, त्यामुळे त्याचा अर्थ ५ × अ × अ असा होतो. (५अ)^२ मध्ये मात्र घातांक कंसाला लागलेला असल्याने आतील ५ चाही वर्ग होतो आणि उत्तर २५अ^२ येते. हीच गोष्ट उणे चिन्हाची आहे: (−३)^२ म्हणजे ९, पण कंस नसलेले −३^२ म्हणजे −९, कारण तेथे आधी ३ चा वर्ग होतो आणि चिन्ह नंतर लागते. उदाहरण हाती घेतल्यावर प्रत्येक घातांकाचा पाया शिसपेन्सिलीने गोल करून घ्यावा. हा खटाटोप पोरकट वाटेल, पण निम्म्या चुका येथेच पकडल्या जातात, असा माझा अनुभव आहे.

पाया समान असताना गुणाकारात घातांकांची बेरीज का होते, हे मांडून पाहिल्यास एका ओळीत कळते. अ^३ म्हणजे तीन अ आणि अ^४ म्हणजे चार अ; दोन्ही एकमेकांशेजारी गुणाकारात ठेवले की सात अ होतात, म्हणून अ^३ × अ^४ = अ^७. नात हा नियम ‘घात जुड़ते हैं’ एवढाच म्हणत असे, आणि ‘पाया समान असताना’ हा अर्धा भाग गाळल्यामुळे २^३ × ३^२ चे उत्तर तिने एकदा ६^५ लिहिले. खरे उत्तर ८ × ९ = ७२ आहे, आणि ६^५ तर ७७७६ भरतात. पाया समान असला तरी त्याचा गुणाकार करायचा नसतो, म्हणून २^३ × २^४ हे २^७ आहे, ४^७ नव्हे. सहगुणकांचा, म्हणजे अक्षरांआधीच्या संख्यांचा, मात्र नेहमीसारखा गुणाकार करावा: ३अ^२ब × ४अ^५ब^३ = १२अ^७ब^४. येथे पहिल्या ब वर घातांक दिसत नसला तरी तो १ आहे, हे विसरू नये.

बेरजेला यांपैकी कोणताही नियम लागू होत नाही. ३अ^२ + ४अ^२ ही सजातीय पदे असल्याने ७अ^२ होतात, पण अ^३ + अ^४ ही बेरीज एका पदात मिळवता येत नाही. त्याचप्रमाणे (अब)^२ = अ^२ब^२ हे बरोबर असले, तरी (अ + ब)^२ म्हणजे अ^२ + ब^२ नव्हे; २ आणि ३ घेतल्यास एकीकडे २५ येतात आणि दुसरीकडे १३.

घाताचा घात घेताना घातांकांचा गुणाकार होतो, म्हणजे (अ^३)^४ = अ^१२, कारण तीन-तीन अ चे चार गट आहेत. पाया समान असताना भागाकारात अंशाच्या घातांकातून छेदाचा घातांक वजा करावा. अर्थात येथे पाया शून्य नसला पाहिजे.

शून्य घातांकापाशी मुले अडखळतात, आणि ग्वाल्हेरकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. किल्ल्यावर जाणाऱ्या वाटेवरील चतुर्भुज मंदिरात विक्रम संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यात २७० हात लांब आणि १८७ हात रुंद अशा बागेचा आणि रोजच्या ५० माळांचा उल्लेख असून, शून्य आजच्यासारखे लहान वर्तुळ काढून कोरलेले आहे. त्यातील २७० ही संख्या अशी मांडता येते:

२७० = २ × १०^२ + ७ × १०^१ + ० × १०^०

शतकाचे स्थान १००, दशकाचे १० आणि एककाचे १. प्रत्येक पायरीला घातांक एकाने उतरतो आणि किंमत दहाने भागली जाते. म्हणून १०^० = १ मानावे लागते. शेवटचे पद शून्य होते ते आधीच्या ० या अंकामुळे, घातांकामुळे नव्हे. याच जिन्याने आणखी एक पायरी उतरलो की १०^−१ = १/१० मिळते. ऋण घातांकाने संख्या ऋण होत नाही, तिचा गुणाकार व्यस्त होतो: २^−३ = १/८. आणि ५अ^−२ मध्ये छेदात जातो तो फक्त अ^२. ५ अंशातच राहतो.

आता एक पूर्ण उदाहरण सोडवू.

(२अ^३ब^−२)^३ ÷ (४अ^५ब^−४)

आधी कंसावरील ३ हा घातांक आतील प्रत्येक अवयवाला द्यावा. २ ला तो द्यायचा राहून जातो आणि ८ ऐवजी २ किंवा ६ लिहिले जाते.

= ८अ^९ब^−६ ÷ ४अ^५ब^−४

नंतर सहगुणक, अ आणि ब यांचा वेगवेगळा हिशोब करावा. ८ ÷ ४ = २, आणि अ चा घातांक ९ − ५ = ४. ब साठी −६ − (−४) असे कंसासह लिहावे, कारण घाईत दोन उणे चिन्हांतील एक गळते आणि −२ च्या जागी −१० येतात.

= २अ^४ब^−२ = २अ^४/ब^२

उत्तर तपासण्यासाठी अक्षरांना किंमती द्याव्यात, पण १ देऊ नये, कारण १ चा कोणताही घात १ च असल्याने घातांकातील चूक दिसतच नाही. दोन्ही अक्षरांना एकच किंमत देणेही टाळावे. अ = २ आणि ब = ३ घेतल्यास मूळ राशीतील पहिला कंस १६/९ होतो, त्याचा घन ४०९६/७२९ आणि भाजक १२८/८१, म्हणजे भागाकार ३२/९; आणि २ × १६ ÷ ९ केल्यावरही ३२/९ च येतात.