काम बदलताना किती सेकंद सांडतात? घरीच मोजा

हातातलं काम सोडून दुसरं घेतलं की मेंदू क्षणभर अडखळतो. हे अडखळणं मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरे. युक्ती जुनीच आहे, आर्थर जर्सिल्ड या मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली वापरलेली. पुढे २००० साली अकिरा मियाके आणि सहकाऱ्यांनी मनाची लवचीकता तपासताना याच घाटाची चाचणी घेतली. खालची पद्धत त्यावरूनच घेतली आहे.

१. याद्या करा. १० ते ९९ या बरोबर ९० संख्या होतात. म्हणजे ३०-३० च्या तीन याद्या, आणि एकही संख्या दुसऱ्यांदा येत नाही. क्रमाने मात्र लिहू नका. चिठ्ठ्या करा, मिसळा, उचलाल तशा एकाखाली एक लिहीत जा. शेजारी उत्तरापुरती जागा सोडा. आधी भलत्याच दहाएक संख्यांवर हात चालवून घ्या, नाहीतर नवखेपणाचा वेळ पहिल्या यादीच्या माथी बसेल.

२. वेळ लावून सोडवा. पहिल्या यादीत प्रत्येक संख्येत ३ मिळवा. दुसरीत ३ वजा करा. तिसरीत आलटूनपालटून: एकीत मिळवा, पुढचीतून वजा करा. चुकलं तरी खोडत बसायचं नाही.

तिसऱ्या यादीत गंमत आहे. गणित तेच, दुसरीच्या मुलाला जमेल असं. तरी मध्येच कुठेतरी ४७ समोर येतो, पेन्सिल हवेत थांबते आणि नजर वरच्या ओळीकडे जाते: तिथे ८१ चे ८४ केलेत, म्हणजे आता वजाबाकी, ४४. बघण्यासारखा आहे तो हाच क्षण. अडलं ते गणितावर नाही, ‘आता काय करायचंय’ यावर.

३. हिशोब करा. समजा पहिलीला ६२ सेकंद लागले, दुसरीला ७० आणि तिसरीला ९५. पहिल्या दोन्हींची सरासरी ६६. तिसरीतून ती वजा केली की उरतात २९ सेकंद. ३० संख्यांमध्ये बदल २९ वेळा होतो, म्हणजे दर बदलाला एक सेकंद. शेवटच्या यादीपर्यंत हात बसलेला असतो, त्यामुळे खरा भुर्दंड याहून थोडा जास्तच असणार.

४. आता खुणा देऊन बघा. चिठ्ठ्या पुन्हा मिसळून नवी यादी करा. या वेळी प्रत्येक संख्येशेजारी आधीच + किंवा − लिहून ठेवा आणि आलटूनपालटून सोडवा. वेळ बराच खाली येईल. स्पेक्टर आणि बीडरमन यांना १९७६ मध्ये हेच दिसलं होतं. काय करायचं हे कागद सांगू लागला की मनाला ते धरून ठेवावं लागत नाही.

५. हवं तर तोंड अडकवा. बिनखुणांच्या यादीत बहुतेक जण नकळत ‘अधिक, उणे, अधिक, उणे’ पुटपुटतात. पोरकट वाटतं, पण ते कामाचं आहे. सोडवताना सतत ‘ला ला ला’ म्हणत राहा, म्हणजे हे पुटपुटणं बंद पडेल. एमर्सन आणि मियाके यांच्या २००३ च्या प्रयोगात अशाने बदलाचा भुर्दंड वाढला होता. शेजारी खुणा असल्या की ही वाढ आटोक्यात राहत होती.

आकडा मोठा आला म्हणून स्वतःला मठ्ठ ठरवू नका. मियाके यांच्याच अभ्यासात काम बदलणं, मनातली माहिती ताजी ठेवणं आणि सवयीचा प्रतिसाद रोखणं या तीन क्षमता एकमेकींशी नातं असलेल्या, पण वेगवेगळ्या निघाल्या. एकीत मागे म्हणजे सगळ्यांत मागे, असं नसतं. आणि रोज याद्या सोडवून डोकं तल्लख होईल या भरवशावरही राहू नका. ‘ब्रेन ट्रेनिंग’च्या खेळांवरचं संशोधन सायमन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तपासलं. सराव केलेल्या खेळात माणूस सुधारतो, रोजच्या व्यवहारात त्याचा फायदा होतो याला मात्र फारसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

६. टेबलावर वापरा. माझ्या मते चौथ्या पायरीतली खूणच खरी उचलण्यासारखी. काम अर्धवट सोडून उठताना पुढची कृती कागदावर लिहा, तीही क्रियापदासकट. ‘अहवाल’ असं नुसतं नको, ‘तिसऱ्या तक्त्याची बेरीज पुन्हा तपासणे’ असं हवं. परत आलात की आधी ती ओळ वाचा, मग हात घाला. तरीही लगेच सूर लागला नाही तर कुरकुरू नका. रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी १९९५ मध्ये लोकांना बदलापूर्वी तयारीला सेकंदाहून जास्त वेळ दिला होता. भुर्दंड कमी झाला, पण थोडासा उरलाच.